पंधरा विभक्त्या

खिशावरच्या काळ्या पट्टीवर लिहिलंय : वान्हिन माफिलेओ.
वान्हिन म्हणजे वडीलधारा.
मी एकोणीस वर्षांचा,
आणि काल एका पाच वर्षांच्या मुलीनं
मला बर्फावर चालायला शिकवलं :
गुडघे सैल, पावलं छोटी, पेंग्विनसारखं.

साडेसहाला गजर. खिडकीत अजून रात्रच.
केमीत या महिन्यात दिवस अकराला डोळा किलकिला करतो
आणि आम्ही डबा उघडेपर्यंत मिटतो.
थूसन ओट ढवळतो, मी व्याकरण घोकतो.
या भाषेला पंधरा विभक्त्या.
घरात असण्याची एक,
घरात शिरण्याची वेगळी,
घरातून निघण्याची आणखी वेगळी.
शेवटची मला झोपेतही येते.
भविष्यकाळ मात्र नाहीच,
आणि आम्ही जिने चढत, दार वाजवत
अनंतकाळाविषयी सांगत असतो
वर्तमानकाळात.

घंटा. सपाता. साखळी.
"एई कीतोस." नको, धन्यवाद.
आमच्या बेटावर नाही कुणी म्हणत नाही,
हो म्हणतात आणि येत नाहीत.
इथला नकार स्वच्छ, इस्त्री केलेला,
खिशात ठेवून पुढच्या दाराशी जाता येतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या वाल्कामाबाई म्हणाल्या,
"देवाचं नंतर बघू. आधी हा बल्ब बदल, तू उंच आहेस."
मग तीन कपांत कॉफी ओतली.
आम्ही पीत नाही म्हटल्यावर
त्यांनी असं पाहिलं,
की दिलेली खुर्ची आम्ही उलटी करून ठेवलीय.
पुढच्या बुधवारी काही न बोलता
काळ्या मनुकांचा रस गरम करून ठेवला होता.
एकतीस वर्षं त्या कागदाच्या गिरणीत होत्या.
गिरणी बंद झाली, धुराडं तेवढं उभं आहे.
मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी उघडलं,
वाचलं नाही,
पान अंगठा आणि बोटामध्ये धरून चोळलं,
दिव्याकडे धरलं.
"पातळ आहे," म्हणाल्या. "पण प्रामाणिक."
साप्ताहिक अहवालात हे लिहायला रकाना नाही.

सोबत्याला नजरेआड करायचं नाही, हा नियम.
सुटका फक्त न्हाणीघरात.
मंगळवारी थूसननं नळ फार वेळ सोडून ठेवला.
मी मोजे वाळत घातले, मग पुन्हा काढून पुन्हा घातले.
बाहेर आला तेव्हा डोळे लाल, केस कोरडे.
मी विचारलं नाही.
आयडाहोत त्याच्या वडिलांच्या गायी विकल्या गेल्यात
एवढं मला ठाऊक होतं.
रात्री माझ्यातला अर्धा मासा त्याच्या ताटात सरकवला,
तो म्हणाला, "काटे जास्त आहेत."
आणि सगळा खाल्ला.

सोमवारी धुणं, सोमवारीच घर.
तिकडे संध्याकाळ, आईच्या मागे कोंबड्या झाडावर चढताहेत.
मी फोन घेऊन समुद्रावर गेलो.
समुद्रावर, म्हणजे खरोखर वर.
आई किंचाळली, मागे हो, मागे हो!
मग तिनं विचारलं, किती जणांना पाण्यात उतरवलंस?
मी बुटानं बर्फ ठोकून दाखवला.
ती हसली नाही.
बाबा होडीवाले. त्यांनी एवढंच विचारलं,
"जाडी किती?"
हातभर, म्हटलं.
ते बराच वेळ गप्प.
"मग त्याच्या खाली मासे काय करतात?"
हा प्रश्न मला आजवर कुठल्याच दारात कुणी विचारला नव्हता.

बदलीचा निरोप शनिवारी आला. मी दक्षिणेला, थूसन इथेच.
बाईंना सांगायला गेलो. त्यांनी ऐकलं,
पेल्यात रस ओतला, काठोकाठ,
आणि म्हणाल्या, "बुधवारी येता."
प्रश्न की आठवण की राग, कळेना,
क्रियापदावर काहीच खूण नव्हती.
"येतो," मी म्हणालो.
जिन्यातला दिवा आपोआप विझला,
भिंतीवर बटण चाचपत
आम्ही दोघे वडीलधारे
एकेक पायरी उतरलो.